बघू

आमच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा आहे. मुलीला हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. "आई, कुत्रा पाळूया?" "बघू." की ती पाय आपटत निघून जायची. माझ्याकडे पडदे शिवायला टाकणाऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. "परवापर्यंत होतील का हो?" "बघू." की त्या आपणहून म्हणतात, बरं, पुढच्या आठवड्यात येते. ठाऊक नाही ते फक्त आमच्या ह्यांना.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता हे म्हणाले, "एक कॅम्पर घेऊ. चाकांवरचं घर. नदीकाठी ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे ना, तिथे जाऊन राहू. काय म्हणतेस?"

"बघू," मी म्हणाले आणि उठून मशीनवर बसले. माझ्यापुरता विषय संपला होता. संध्याकाळी हे फोनवर धाकट्या दिरांना सांगत होते, "ती तर एका पायावर तयार आहे!"

हे जन्मभर लिफ्ट मेकॅनिक. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं बाहेर काढायची, हे ह्यांचं काम. आयुष्यभर लोकांना डब्यातून सोडवलं आणि म्हातारपणी स्वतःच्या बायकोला डब्यात घालायला निघाले.

आमची ओळखही लिफ्टमधलीच. मी तेव्हा एका पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला होते. कापडाचा गठ्ठा घेऊन वर जाताना लिफ्ट मधेच थांबली, आणि थोड्या वेळाने वरून एक आवाज आला. "आत किती जण आहात?" मी म्हटलं, एकटीच. "घाबरू नका. हवा भरपूर आहे. मी इथेच आहे, हलत नाही इथून." खरं सांगायचं तर तोंड मी नंतर पाहिलं, आधी आवाजच आवडला. पुढे त्या लिफ्टची देखभाल जरा जास्तच वेळा व्हायला लागली. मग एक दिवस ह्यांनी जिन्यात गाठून लग्नाचं विचारलं, आणि लग्न झालं. अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचे ह्यांचे नियम मला पाठ आहेत. आधी किती जण ते विचारायचं. दाराला हात लावू द्यायचा नाही. आणि खोटं बोलायचं नाही. तास लागणार असेल तर तास म्हणायचं.

तर कॅम्पर आली. पांढरी, लांबट, पावाच्या डब्यासारखी. अंगणातला माझा कपडे वाळत घालायचा कोपरा तिने गिळला. आत एक पलंग, दिवसा तेच टेबल. टेबल म्हणून वापरायचं तर पलंग मोडायचा, पलंग हवा तर टेबल मोडायचं. दोन माणसांपैकी एकाने हलायचं तर दुसऱ्याने आधी बसायचं. हे मला सगळं उघडून-मिटून दाखवत होते, आणि लहान मुलाने खेळणं दाखवावं तसे माझ्या तोंडाकडे बघत होते. "कसं आहे?" "छान आहे," मी म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

जेवायच्या टेबलावर नदीचा नकाशा पसरला. तो मग उचललाच गेला नाही. आम्ही ताटं हातात धरून जेवायला लागलो. कुठल्या वळणावर गाडी लावायची, पाणी कुठे भरायचं, घाण पाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, हे सगळं ह्यांनी ठरवलं. अभयारण्याचे नियमही मोठ्याने वाचून दाखवले. मोठ्याने बोलायचं नाही. रात्री दिवा बाहेर दिसता कामा नये. सूर्यास्ताला फाटक बंद; मग जो आत तो आत.

"किती दिवस?" मी विचारलं.

"हंस येतात तेव्हा जायचं आणि ते परत गेले की निघायचं. सहा महिने तरी." हे हसले. "तोवर घर भाड्याने देऊ. तेवढ्यात गाडीचा खर्च निघेल. एका दगडात दोन पक्षी!"

"अभयारण्यात दगड मारायला बंदी असते," मी म्हणाले. हे खूप हसले, आणि दिरांना फोन करून तो विनोद सांगितला.

भाडेकरूही मिळाले. दातांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा. ती सातवा महिना लागलेली, सावकाश चालणारी, गोड मुलगी. घरभर फिरून ती माझ्या शिवणाच्या खोलीत थांबली. उजेड चांगला आहे म्हणाली. ही बाळाची खोली होईल म्हणाली. तिच्यावर रागवायचं तरी कसं? माझं मशीन दिरांच्या गॅरेजमध्ये जाणार होतं. गाडीत न्यायचं मी एकदा सुचवलं, तर हे म्हणाले, "अगं, वजन! सुई-दोरा घे की."

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, तू खरंच 'हो' म्हणालीस?"

"बघू म्हणाले."

ती म्हणाली, "अगं, मग सांग ना बाबांना सरळ!"

"सांगते."

"कधी?"

"बघू." ती हसली. मला हसू आलं नाही.

का सांगितलं नाही? सगळी नोकरी ह्यांनी ताटावरून उठून काढली. फोन वाजला की घास तसाच ठेवून पळायचे. कुठेतरी कुणीतरी अडकलेलं असायचं. आता हे सकाळी शीळ घालत उठत होते. पाणी मोजायचे, पट्ट्या ठोकायचे, दुर्बीण पुसायचे. त्या शिळेपुढे माझी जीभ उचलत नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि भेटेल तो म्हणत होता, नशीब काढलंस हो! नशिबाची तक्रार कुणाकडे करायची?

भाडेकरू सोमवारी येणार होते. शुक्रवारी ह्यांनी जाहीर केलं, "रंगीत तालीम करायची. आजपासून गाडीत राहायचं. अंगणातच. घर नाहीच असं समजायचं." आणि घराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

मला वाटलं गंमत आहे. संध्याकाळी मी कात्री मागितली तेव्हा कळलं गंमत नाही.

"आतून आणते, किल्ली द्या."

"नदीकाठी कुठून आणशील?"

"नदीकाठी नाही आहोत आपण. ते बघा माझं घर."

"तालीम म्हणजे तालीम," हे म्हणाले आणि दोरा दाताने तोडून दिला. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय, हंस दिसले का?" हे म्हणाले, "अजून नाही, पण एक कावळा येऊन गेला!" दोघं हसली.

पलंगाच्या उशाशी खिडकी होती, तीतून नेमकी माझी खोली दिसायची. खोलीची काच, काचेमागे खोक्यात घातलेलं मशीन, भिंतीवर मोजपट्टीच्या जागी राहिलेला खिळा. हे घोरत होते. मी कूस बदलली तर ह्यांना जाग येणार, म्हणून मी तशीच पडून घराकडे बघत राहिले. माझं घर, हाताच्या अंतरावर, आणि मी त्याच्या बाहेर कोंडलेली. मला रडू आलं ते चादरीत पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोंड धुवायला गाडीतल्या बाथरूममध्ये गेले. बाथरूम कसली, उभं कपाट. त्याच वेळी हे बाहेर जॅक फिरवत होते. कपातला चहा एका बाजूला झुकतो म्हणजे गाडी समतल नाही, असं ह्यांचं म्हणणं. गाडीचा एक कोपरा करकरत वर गेला. तोंड पुसून मी कडी ओढली, तर कडी सरकेना. चौकट तिरकी झाली होती. मी दार ढकललं. खांदा लावला. कोपर भिंतीला लागलं, मागे सरायला जागा नव्हती. दाराचं भय नव्हतं. भय वाटलं ते याचं, की आता असंच असणार आहे, आणि फाटकही बंद असणार आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडले.

धावत येणारी पावलं. मग दाराशी आवाज.

"आत किती जण आहात?"

सवयीने गेलं असणार तोंडातून. पण मला हुंदका आला. "एकटीच."

"उजेड आहे का?"

"आहे."

"घाबरू नका. हवा भरपूर आहे. दाराला हात लावू नका. मी इथेच आहे, हलत नाही इथून."

लग्नानंतर मी ह्यांना 'अहो'च म्हणत राहिले, पण हे लगेच 'तू'वर आले होते. आज इतक्या वर्षांनी ह्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. आणि तो आवाज! इतकी वर्षं तो बाहेर अडकलेल्या लोकांत वाटला गेला. घरी येईपर्यंत संपलेला असायचा.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"खोटं सांगत नाही. जॅक उतरवलाय, तरी कडी आवळून बसलीय. पट्टी काढावी लागेल. वेळ जाईल. तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. एकाने मला स्वतःच्या साहेबाला घातलेल्या शिव्या ऐकवल्या होत्या. मन मोकळं होतं."

दारापलीकडच्या मेकॅनिकचा चेहरा मला दिसत नव्हता. नवऱ्याला जे सांगता आलं नाही ते त्याला सांगता आलं.

"मला यायचं नाहीये."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "कुठे?"

"नदीवर. मला या डब्यात राहायचं नाही. माझी खोली कुणाला द्यायची नाही. मला माझ्या मशीनवर बसायचंय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?" मेकॅनिक गेला, नवरा आला.

"बोलले की. 'बघू' म्हणाले."

"बघू म्हणजे बघू!"

"बघू म्हणजे नाही. मुलीला विचारा. शेजारणीला विचारा."

स्क्रू पुन्हा फिरायला लागला. एक स्क्रू खाली पडला.

"आईला आपल्याकडे राहायला आणू म्हणालो, तेव्हा तू 'बघू' म्हणाली होतीस."

"हो."

"म्हणजे नाही?"

"नाही."

सासूबाई आमच्याकडे होत्या त्या शेवटपर्यंत. दुसरा स्क्रू पडला.

"ते जुनं घर विकून इथे यायचं ठरवलं, तेव्हा?"

"नाही."

तिसरा जरा अडला. ह्यांचा श्वास दाराशी ऐकू येत होता. मग हे अगदी हळू म्हणाले, "आणि जिन्यात मी तुला विचारलं, तेव्हा काय म्हणाली होतीस?"

मला आठवावं लागलं नाही. 'बघू' म्हणाले होते. आणि हे दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत आपल्या आईला सांगायला धावले होते. मला तेव्हा दुसऱ्या शहरात जाऊन मोठ्या दुकानात कटिंग शिकायचं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांचा फुललेला चेहरा पाहिला आणि शब्द मागे घ्यायचा धीर झाला नाही. पुढे माया लागली. ती खोटी नव्हती, आजही नाही. पण हे विचारत होते ते त्या दिवसाबद्दल.

'तेव्हाचं वेगळं होतं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अडकलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही हा ह्यांचाच नियम, आणि त्या क्षणी दोघांत अडकलेलं कोण हे मला कळेना. मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं मात्र ह्यांना बरोबर कळलं.

तिसरा स्क्रू पडला. दार उघडलं.

"निघालं," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता बाजूला झाले आणि खिशातून घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मी माझ्या खोलीत गेले. खोक्यातून मशीन काढलं, टेबलावर ठेवलं, दोरा ओवला. पाय पेडलवर ठेवला आणि तो हलेना. थोड्या वेळाने फोन वाजला. अंगणातून ह्यांचा मेसेज आला होता. 'भाडेकरूंना नाही म्हणून कळवलं.' म्हणजे सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मी खिडकीतून बघत होते. कॅम्परचं दार आतून लागलेलं. ऊन उतरलं, शेजारी दिवे लागले, तरी ह्यांनी आत दिवा लावला नाही. मशीन समोर होतं आणि मला त्या गाडीवरून नजर काढता येईना.

शेवटी मी बाहेर गेले. दार ढकललं, कडी होती.

"अहो."

मी दारावर टकटक केलं.

"अहो, उघडा ना."

मी पायरीवर उभी राहिले, आणि मग ह्यांचाच पहिला प्रश्न विचारला.

"आत किती जण आहात?"

खूप वेळाने आवाज आला. "एकटाच."

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता, आणि असता तरी कुठला स्क्रू काढायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी पायरीवर बसले.

"वेळ लागेल," मी म्हणाले. "पण मी इथेच आहे. हलत नाही इथून."

हे खोटं नव्हतं. हलून मी जाणार तरी कुठे होते?