मास्तरीणबाईंची लेक

दानेश्वरीनं डब्याचं झाकण उघडलं आणि डबा सुकन्याच्या पुढं केला. आत शेंगदाण्याची चटणी होती आणि कडक भाकरीचे तुकडे.

"गावाकडनं, राजेश्वरहून आलीय. आईनं पाठवली. खा की."

एडिनबरोच्या किल्ल्याखालच्या बागेत दोघी एका बाकावर बसल्या होत्या. प्रणेश समोर गवतावर बसला होता. कलबुर्गीला दोन वर्षं तिघं एकाच वर्गात होती. इकडं शिकायलाही बरोबरच आली, पण तीन वेगवेगळ्या शहरांत पांगली. सुकन्या लीड्सला. आठ महिन्यांत कुणाची गाठ नव्हती. प्रणेशनंच हट्ट धरून आजचा दिवस ठरवला होता. गाडीत सुकन्या जुने फोटो बघत, एकटीच हसत आली होती.

"किल्ला बघायचा न्हाई का?" तिनं विचारलं.

"बघू की. आपल्या गावाकडच्या कल्याणच्या किल्ल्यापुढं ह्यो काय किल्ला हाय?" प्रणेश म्हणाला, पण उठला नाही. त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं.

भाकरी घेताना सुकन्याला दानेश्वरीचे हात दिसले. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, अंगठ्याला पट्टी होती.

"हे काय झालंय?"

"गोदामात खोकी उचलून व्हतंय तसं."

"शनिवार-रविवारचंच काम आहे ना तुझं?"

दानेश्वरीनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "रोजचं हाय. कॉलेज सुटलं माझं, जानेवारीतच. दोन विषय गेले, हजेरी भरली न्हाई. नाव काढलं त्यांनी."

सुकन्याच्या हातातला तुकडा तसाच राहिला. दर रविवारी हीच दानेश्वरी तिला फोनवर लायब्ररीतल्या गमती सांगायची.

"मला तरी सांगायचंस. कामून लपवलंस?"

"आता सांगायलेच की."

त्या 'आता'पाशी सुकन्या थबकली. तिनं प्रणेशकडं पाहिलं. तो मान खाली घालून गवताची पाती उपटत होता.

"साडेबाराला दानीच्या अप्पांचा फोन येणार हाय," तो म्हणाला. "कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. माझं त्यांना पटंना झालंय. तुझं पटल."

"म्हणजे यासाठी बोलावलंत मला?"

दानेश्वरीनं तिचं मनगट धरलं. "नुसतं व्हय म्हण. अप्पांना कळलं तर पंधरा दिवसांत परत नेऊन लग्न लावतील माझं. पुढच्या वर्षी दुसरीकडं नाव घालते मी."

एकदा नाव निघालं की व्हिसाही जातो; तसं होत नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

फोन वेळेवर आला. पडद्यावर ईरण्णा अप्पांचा चेहरा फार जवळ होता. एक डोळा आणि कपाळावरची विभूती तेवढी दिसत होती. लेकीशी दोन शब्द बोलून त्यांनी फोन सुकन्याकडं द्यायला सांगितलं.

"बरी हाईस न्हवं, बाई?"

"बरी आहे, अप्पा."

"एकच विचारतो. जानकीबाईंची लेक हाईस तू. आमच्या घरातली सगळी लेकरं तुझ्या आईच्या हाताखाली शिकली. तू मला फसवणार न्हाईस. दानी कॉलेजला जायलीय न्हवं?"

शेजारी दानेश्वरीनं पुन्हा तिचं मनगट धरलं.

"जायलीय, अप्पा," सुकन्या म्हणाली. "रोज जायलीय."

'रोज' हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता.

ईरण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "झालं मग. जीव भांड्यात पडला. धाकटीचा तिकडं शिकायचा अर्ज अडवून धरला होता मी. आता भरतो. दोघी बहिणी आन् तुझ्यासारखी एक थोरली तिथं असल्यावर मला कशाचा घोर?" आणि मागं वळून त्यांनी हाक मारली, "शिवलीला! ये गं, अक्का व्हय म्हणली!"

मनगटावरचा हात सुटला.

"अप्पा, जरा विचार करून..."

"आठ दिवस विचारच केलाय की, बाई." ते मोकळं हसले आणि फोन बंद झाला.

"तिला मी थांबवते. सांगते कायतरी," दानेश्वरी म्हणाली. काय सांगणार, ते मात्र ती बोलली नाही. प्रणेश उठला, पँटवरचं गवत झटकत म्हणाला, "चला, आलोय तर एक फोटो काढू."

तिघं किल्ल्याकडं पाठ करून उभी राहिली. फोटो चांगला आला.

परतीच्या गाडीत सुकन्याला खिडकीची जागा मिळाली. समुद्र बराच वेळ बरोबर धावत होता. तेवढ्यात फोनवर अनोळखी नंबरावरून निरोप आला.

'अक्का, मी शिवलीला. तुमी म्हणलाव म्हणून अप्पा राजी झाले. जल्मभर इसरणार न्हाई. थंडीचं काय काय आणू?'

'शिवलीला, अगोदर माझं ऐक,' असं सुकन्यानं लिहिलं. मग पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेही पुसलं. समुद्र मागं पडला, शेतं सुरू झाली.

शेवटी तिनं लिहिलं, 'लोकरीचे पायमोजे आण. इथले टिकत नाहीत.'