इकडची

मी एक जुनी सहाचाकी गाडी आहे. मंगळावर चालण्यासाठी घडवलेली आणि मंगळ कधीच न पाहिलेली. मित्रांनो, आम्ही दोघी जुळ्या. तिला अवकाशात धाडलं, मला कॅलिफोर्नियात, प्रयोगशाळेमागच्या वाळूच्या अंगणात ठेवलं. तिचं नाव शाळकरी मुलांनी स्पर्धेतून निवडलं. मला सगळे नुसतं 'इकडची' म्हणतात.

तिचं कौतुक ऐकून माझा जळफळाट व्हायचा. तिच्या जोखमीच्या कामाआधी इथे शुभ म्हणून शेंगदाण्यांची बरणी हातोहात फिरते. माझ्या वेळी बरणी कपाटात.

मग तिला तो खडक सापडला. काळानिळा, भोकाभोकांचा, आजूबाजूच्या एकाही दगडाशी न जुळणारा. त्यात ड्रिल घालायचं होतं, पण ते अडकलं तर तिचा हात कायमचा जायचा. म्हणून तसाच एक खडक अंगणात आणला आणि आधी मला कामाला जुंपलं.

"इकडचीवर करून बघू. मोडलं तर मोडलं," आम्हा दोघींना चालवणारा रुबेन म्हणाला.

मोडलंच. ड्रिल अडकलं आणि माझं कोपर तुटलं. कुठून जोर लावायचा नाही, हे त्यांना त्यावरून कळलं. तिकडे तिने खडकाचा तुकडा अलगद काढला. टाळ्या तिला, ताडपत्री मला.

किती दिवस तशीच पडून होते. एका दुपारी रुबेनची कामातली जोडीदार ओडेट त्याला घेऊन अंगणात आली. ती हसत होती, पण डोळे ओले होते.

"अरे, आज बैठकीत तिचा फोटो बघून मी बोलून गेले, 'आधी तिची धूळ पुसून घ्या.' सगळे खो खो हसले."

"हसणारच. फडकं घेऊन मंगळावर कोण जाणार, तू?"

"तेच तर. एवढी लाडाची, पण तिला हात लावता येत नाही." तिने ताडपत्री ओढून काढली आणि बाहीने माझा कॅमेरा पुसला. "हिला तरी येतो. पाना दे. हिचं कोपर आजच बसवू."

पान्याला हात घालण्याआधी तिने खिशातून शेंगदाणे काढले. एक रुबेनला दिला, एक माझ्या पाठीवर ठेवला.

माझा मत्सर गेला, असं नाही. भिंतीवर तिचा फोटो दिसला की अजून पोटात दुखतं. पण मित्रांनो, तुमच्याजवळही एखादी 'इकडची' असेल, जिच्यावर तुम्ही आधी चुका करून बघता. काम झालं म्हणून तिच्यावर ताडपत्री टाकू नका. तिची धूळ तुम्हाला पुसता येते.