बिजवराची चौकशी

उंद्रीत आशाबाईंनी चौकशी केल्याशिवाय कुणाची सोयरिक जमत नसे. टीव्हीवरच्या सिनेमातला बिजवर नवरदेवही त्यांच्या तावडीतून सुटला नाही.

"लबाड हाये हा! म्हणे, पहिली बायको मेली," त्या भाचीवर, प्राचीवर डाफरल्या. "भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो पाह्य. मागच्या महिन्यातल्या सिनेमात हीच बाई मलकापूरले गाडीत बसून धडधाकट माहेरी गेली."

"मावशी, तो सिनेमा वेगळा होता. नटी तीच असन."

"अन् कपाळावरचा विळ्याचा वण? सासरच्या गावाचं नाव? तेबी तेच?"

प्राची हसली.

पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवात सगळे अक्षता टाकत होते. मागच्या रांगेत एक बाई मात्र मूठ मिटून उभी होती. तिनं पदर मागं सारला, तसा कपाळावरचा वण दिसला.

प्राचीनं टीव्हीचा आवाज वाढवला.