जवाच्या शेतावरची गढी

मी एक जुना मातीचा ढीग आहे. मित्रांनो, लोक मला गढी म्हणतात, पायाशी लावलेल्या पाटीवरही तसेच लिहिले आहे. पण ते ऐकले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. आता माझ्या अंगावर गवत आहे, मेंढ्या आहेत आणि भोवती बुजत आलेला खंदक. बाकी काही उरलेले नाही.

माझ्या जन्माआधी इथे वुल्फरन नावाच्या विधवेचे जवाचे शेत होते. समुद्रापलीकडून येऊन इंग्लंड जिंकणारे नॉर्मन सरदार तेव्हा इथे नवे होते. वेल्सची सीमा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या सरदाराने हल्ल्याच्या धास्तीने तिच्या शेतावर गढी उभारायला सारा गाव वेठीला धरला. जव पिवळे पडले होते, कापणी तोंडावर आली होती. वुल्फरनने सरदाराच्या कारभाऱ्यापुढे, तुरोल्डपुढे, खूप गयावया केली.

"एवढी कापणी होऊ द्या, कारभारी. माझ्या लेकरांचा हिवाळा आहे तो. मग खुशाल माझ्या उरावर बांधा गढी."

"शत्रू तुझ्या कापणीसाठी थांबणार आहे होय गं? उचल टोपली," तुरोल्ड म्हणाला.

तिने टोपली उचलली. गोल खंदक खणायचा आणि निघालेली माती मधोमध ओतायची, अशी माझी घडण. उभ्या कणसांवर माती पडत गेली. स्वतःच्या शेतावर पहिली टोपली तिलाच रिकामी करावी लागली. त्या हिवाळ्यात तिचे धाकटे लेकरू गेले.

माझ्या माथ्यावर लाकडी बुरूज चढला. पाहुण्यांनी माझी तोंड भरून स्तुती केली आणि लाज वाटायची सोडून मी फुगलो! पण पोटातले पीक कुजले, माती खचली आणि बुरूज एका अंगाला कलला. वुल्फरनच्या जवाची दारू चढली वाटतं त्याला, असे लोक दबक्या आवाजात म्हणायचे. तुरोल्डने राग काढला तो टोपल्या वाहणाऱ्यांच्या पाठीवर.

पुढे सरदाराने नदीपलीकडे दगडी किल्ला बांधला, बुरुजाची लाकडे काढून नेली आणि मला टाकून दिले. तेव्हा म्हातारी झालेली वुल्फरन धापा टाकत वर आली. शेत परत मिळाले, असे समजून तिने माझ्या माथ्यावर जव पेरले. रोज येऊन वाकून बघायची. पण माझ्या अंगावर खंदकाच्या तळाची चिकणमाती. एकही अंकुर फुटला नाही.

"तुझा तरी काय दोष बाबा," ती म्हणाली आणि उतरून गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

हल्ली शाळेची मुले येतात, पाटीवरचे सरदाराचे नाव मोठ्याने वाचतात आणि घसरगुंडी खेळतात. मित्रांनो, मला जपा असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढेच सांगतो, तुमच्या गावात काही मोठे उभे राहणार असेल, तर खाली कोणाचे शेत आहे ते आधी विचारा. आणि पीक उभे असेल, तर कापणीपर्यंत थांबा.