कपाळावरचे दोन क्रूस

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी मी चांदीची एक जुनी डबी. जर्मनीतल्या आखन शहराच्या एका सोनाराने मला घडवले. माझ्यात ऑलिव्हचे पवित्र तेल असते. माणूस शेवटच्या वाटेला लागला की फादर ते त्याच्या कपाळाला लावतात आणि त्याच्यासाठी देवाची क्षमा मागतात. तीन फादरांच्या खिशातून मी शेकडो खोल्यांत गेले. पूर्वी मला दर शनिवारी खडूच्या पुडीने घासत. पुढे बोलावणी कमी झाली, मी काळवंडले. मला पाहताच आजारी माणसे तोंड फिरवू लागली.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नाही. अशा खोलीत कधी कधी एक माणूस जास्तीचे असते. तेव्हा माझ्यातले तेल थिजते.

२००६ चा नोव्हेंबर होता. भर दुपारी बाहेर दाट धुके पडले होते. फादर क्लेमेन्स मला घेऊन मनोरमाबाईंकडे गेले. त्या नगरकडच्या कॅथलिक. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आल्या आणि इथल्याच झाल्या. उशाशी त्यांची मुलगी मीनल बसली होती. हीटरने खोली उबदार होती, तरी फादरनी झाकण उघडले तर तेल गोठलेले! आणि मला ती दिसली. खिडकीपाशी, दवाखान्याच्या पांढऱ्या झग्यात, अनवाणी उभी असलेली एक जर्मन म्हातारी.

"महिनाभर येतेय ती," मनोरमाबाई पुटपुटल्या.

"तिथे कोणी नाहीये, आई," मीनल नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली.

"आहे. फ्राउ क्रेमर आहेत. फादर, मला पाप कबूल करायचंय. मीनल, तू जाऊ नकोस. तूही ऐक."

१९७३ साली मनोरमाबाईंच्या हातून दवाखान्यातल्या एका रुग्णाला, फ्राउ म्हणजे श्रीमती क्रेमरना, चुकीचे इंजेक्शन गेले होते. बाई दगावल्या. घाबरून मनोरमाबाईंनी नोंदीखाली सोबतच्या नर्स मैत्रिणीचे, सुलेखाचे नाव लिहिले. सुलेखाची नोकरी गेली. ती मान खाली घालून नगरला परतली.

"इतक्या उशिरा देव माफ करेल?"

"देवाकडे उशीर होत नाही," फादर म्हणाले. "पण सुलेखाबाईंनाही खरं कळू दे."

मीनलने नगरच्या मामाला फोन करून सुलेखाबाईंचा नंबर मिळवला आणि स्पीकर लावला.

"सुलेखा, मी मनू. ते इंजेक्शन मी दिलं होतं गं."



"मला तेव्हाच कळलं होतं. अक्षर तुझं होतं," सुलेखाबाई म्हणाल्या. "खूप वर्षं राग धरला. आता नाही. शांत झोप, मनू."

मनोरमाबाई लहान मुलीसारख्या रडल्या. फादरनी क्षमेची प्रार्थना म्हटली. तेल आपोआप पातळ झाले. त्यांनी अंगठा बुडवून बाईंच्या कपाळावर क्रूस काढला आणि डोळे मिटून ते प्रार्थना करू लागले.

तेव्हा ती म्हातारी पुढे आली. पावलांचा आवाज नाही. तिने आपले बर्फासारखे बोट माझ्यात बुडवले.

अंधार पडायच्या आत मनोरमाबाई गेल्या. चेहरा शांत होता.

"फादर, तुम्ही दोनदा तेल लावलंत?" मीनलने चक्क मराठीत विचारले. मग भानावर येऊन पुन्हा जर्मनमध्ये विचारले.

फादरनी वाकून पाहिले. कपाळावर एकाशेजारी एक असे दोन क्रूस होते. त्यांनी मान हलवली. नाही.

मित्रांनो, मला कोणी घासूनपुसून ठेवले नाही तरी चालेल. पण कुणाचा अपराध केला असेल, तर माझ्या येण्याची वाट पाहू नका. आजच त्याच्या दारी जा.