काचेच्या कपाटातली चरबी

मोठ्या डॉक्टरांना अलीकडे टाकाऊ गोष्टींचं फार प्रेम आलं होतं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोटावरची चरबी काढली, पण ती पुढे जाते कुठे हे कधी मान वळवून पाहिलं नाही. मग या चरबीत जखमा भरून आणणाऱ्या मूळपेशी असतात, असं एका परिषदेत ऐकून आले आणि तेव्हापासून भाषणांत 'माझ्या पेशी' म्हणू लागले. जणू देवाने त्या यांना विचारून घडवल्या होत्या.

चरबीतून पेशी काढून वाढवायचं काम तळघरातल्या प्रयोगशाळेत एक मुलगी एकटी करायची. तिचं नावच तळघरवाली पडलं होतं. वरून तिच्याकडे तीनदा चरबी आली, तिन्ही वेळा मेलेली. शस्त्रक्रियागृहात सगळ्या बरण्या सकाळीच फॉर्मॅलिनने भरून ठेवायची जुनी रीत होती, तपासणीला जाणारा तुकडा कुजू नये म्हणून. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, फक्त जिवंत राहत नाही. 'फॉर्मॅलिन नको' अशी चिठ्ठी तिने तीनदा पाठवली.

"कालची पोर मला बरणी भरायला शिकवणार," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवर चहाचा कप ठेवला.

चौथा नमुना वाया गेला की प्रयोग बंद. प्रयोगाच्या यादीत पहिलं नाव एका सुताराचं होतं. त्याच्या नडगीवरची जखम दोन वर्षं भरत नव्हती, आता पाय कापायची भाषा चालू होती. हा सुतार म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या मावशींचा धाकटा भाऊ. मावशी तिथली फरशी पुसायच्या, बादल्या उचलायच्या. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं ते फक्त ओल्या फरशीवर स्वतःचा पाय घसरला तेव्हा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मावशी जिना उतरून तळघरात आल्या.

"पोरी, त्यांच्या नादी लागू नकोस. त्यांचे कान टाळ्या वाजल्या की उघडतात, एरवी बंद."

"मावशी, ओढून घेतलेली चरबी जमते कुठे?"

"भिंतीजवळच्या बाटलीत. बरणीत घालतात ती मूठभर. उरलेली बाटली मीच टाकते की."

"ती टाकू नका. उद्या ज्यांची चरबी काढणार त्या बाईंनी सगळी आम्हाला द्यायला सही केलीय. नळी काढली की सिस्टर टोपण लावतील, मी बोलते त्यांच्याशी. झाकण न उघडता गार डब्यात ठेवा आणि थेट खाली आणा."

"एवढंच? आणि यासाठी हे विमानाने परिषदेला जातात होय?"

दुसऱ्या दिवशी फोटोवाला बोलावला होता. काम आटोपताच डॉक्टरांनी बरणी छातीशी धरली, झाकण उघडून आत पाहिलं. "ही चरबी नाही, हे उद्याचं जग आहे," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. फोटोवाला गहिवरला. पाणी फॉर्मॅलिनच्या वाफेचं होतं.

"मावशी, सरका, फोटोत येताय," मदतनीस डॉक्टर खेकसला.

"सरकते बाबा. कचराच न्यायचाय," म्हणत मावशी गार डबा घेऊन बाहेर पडल्या.

बरणी तळघरात आलीच नाही. ती डॉक्टरांच्या टेबलावर पाहुण्यांना दाखवायला राहिली. इकडे बाटलीतल्या पेशी तिसऱ्या दिवशी बशीच्या तळाला चिकटून पाय पसरू लागल्या. मावशींनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि हात जोडले.

"आता वर जाऊन खरं सांगते," तळघरवाली म्हणाली.

"आधी माझ्या भावाचा पाय बरा होऊ दे. मग खुशाल सांग, तोवर त्यांचं भाषणही संपेल."

त्या पेशी लावल्यावर सुताराची जखम भरायला चार महिने लागले. कडेने गुलाबी कातडी आली, मग मध्ये खपली धरली. डॉक्टरांची भाषणं काही संपली नाहीत. खरं सांगायला गेलेल्या तळघरवालीला त्यांनी "नम्रता शिका" असं सांगून परत पाठवलं आणि ती ऐतिहासिक बरणी दर्शनी दालनात ठेवायला काचेचं कपाट करायला टाकलं. काम सुताराला मिळालं.

दोन्ही पायांवर उभा राहून त्याने कपाट भिंतीला ठोकलं. बरणी आत ठेवताना त्याने ती उजेडात धरली.

"ताई, यात काय आहे गं?"

मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काही नाही रे. कचरा आहे. दार तेवढं घट्ट बसव, वास येतो."