भिंत झालेली ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, माझ्यात भोकं पडली आहेत, म्हणून माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांनीच ऐका.

एक तुकडा.
जाड कापडावर मेण चढवून मला बनवलं. वाडी गावच्या एका मालट्रकवर मी चढले. संत्री, खत, सिमेंट, जे आलं ते झाकलं. "हिच्याखाली थेंब जात नाही," असं ड्रायव्हर सांगायचा. मला त्याचा गर्व होता.

लहान तुकडा.
हलक्या निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या आल्या. मला गोदामामागे फेकलं. गोदामाशेजारी राहणाऱ्या देवरावांनी उचलून आपल्या अंगणातल्या सरपणावर टाकलं.

मोठा तुकडा.
देवरावांच्या भाडेकरू शेगुलाबाई झिराडकर या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. सुक्कोथ या मांडवाच्या सणाला त्यांचे यजमान दरवर्षी अंगणात मांडव घालायचे. यंदा यजमान हयात नव्हते. बाईंनी एकटीनेच बांबू रोवले, दोन बाजूंना साड्या ताणल्या, तिसरी बाजू घराची भिंत होती. वर शिंदीचे झाप पसरले. पहिलं जेवण मांडवातच करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या बाजारात गेल्या आणि आभाळ भरून आलं. देवरावांनी मला झापांवर ताणून ट्रकवर मारतात तशा गाठी मारल्या. किती वर्षांनी मला काम मिळालं होतं!

बाई परतल्या तेव्हा ढगांच्या फटीतून आलेलं मावळतीचं ऊन गोदामाच्या पत्र्यावर उतरलं होतं.

"देवरावभाऊ, ही काढा! सूर्य बुडाला की सण लागतो, तेव्हा मला हे काम चालत नाही. मग मांडवात बसता यायचं नाही."

"काहून जी? पाणी येऊन राहिलं! वर्षभर माह्या टिनाच्या गळतीची तक्रार करता, अन् सणाले गळकं छप्पर पाहिजे?"

बाई हसल्या, पण हात गाठीवरच होते.
"मिसर देशातल्या गुलामीतून सुटून आमचे पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात खोपट्यांत राहिले. देवाशिवाय आसरा नव्हता. ते विसरू नये म्हणून आठवडाभर पक्क्या घराबाहेर यायचं. छप्पर कापून आणलेल्या झापांचंच हवं, त्यातून चांदण्या दिसाव्यात. कापणीचाही सण आहे हा."

देवरावही गाठी सोडू लागले. मग म्हणाले, "माह्ये वडील मौद्याच्या शेतात धान राखाले अशाच खोपडीत झोपत."

एक गाठ सुटेना. देवरावांनी विळा घातला. दोरीबरोबर ती ओवायची माझी कापडी कडीही फाटली. मी खाली आले. वाटलं, आता परत सरपणावर.

"थांबा, चौथी बाजू उघडी आहे," बाई म्हणाल्या. "भिंत कशाचीही चालते."

सूर्य बुडायच्या आत मी उभी झाले. आयुष्यात पहिल्यांदाच उभी.

शेवटचा तुकडा.
बाईंनी दिवा लावला, प्रार्थना म्हटली. देवरावांना आग्रहाने बसवलं. या सणात पाहुणा हवाच. दोन थेंब वरणात पडले.

"मीठ कमी होतं, आता पाणीही जास्त झालं," देवराव म्हणाले.

"यजमानही हेच म्हणायचे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. ढग सरले. झापांतून एक चांदणी दिसली.

मित्रांनो, मी आजवर फक्त माल झाकला होता. माझ्या आडोशाला माणसं जेवताना कधी पाहिली नव्हती. तुमच्या घरातली जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एकदा दुसऱ्या जागी उभी करून बघा. आणि जमलं तर माझी फाटकी कडी तेवढी शिवून ठेवा. पुढच्या वर्षी मला पुन्हा भिंत व्हायचं आहे.